आधीं शब्द कोणाचा ?

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. महाराष्ट्रांतील भाविक त्यास गोरोबाकाकांचें तेर म्हणून ओळखतात. इतिहासाचे अभ्यासक त्यास तगर म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें एरिथ्रियन समुद्रावरील व्यापाराचें जें टिपण लिहून ठेवलें, त्यांत या नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणापासून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर, असें तो सांगतो. तगराहून जाडेंभरडें कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचेस जात असे. हें तगर कोणतें याविषयीं विद्वानांचा बराच वाद झाला. देवगिरि, जुन्नर अशीं कित्येक नांवें पुढें आलीं. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तेर तेंच तगर असें साधार दाखवून दिलें, आणि पुढें भुईतून निघालेल्या वस्तूंनीं त्यास दुजोरा दिला.

तगर ते भडोच हा महिन्याचा प्रवास. स्वतंत्र जासूद ठेवण्याची ऐपत ज्या व्यापाऱ्यास नसेल, त्याचा निरोप मालाच्याच गाडींतून आणि मालाच्याच वेगानें जाणार हें उघड आहे. मलमलीचा गठ्ठा जड आणि भाव कळविणारी चिठ्ठी हलकी; पण गाडी एकच असल्यानें चिठ्ठीसहि बैलांच्या पावलानें चालावें लागे. दोन हजार वर्षांनंतर त्याच तेरांतल्या घरांत हा प्रश्न निराळ्या वेषानें परत आला आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं इंटरनेटची जोडणी आहे त्यांना पुढील प्रसंग परिचयाचा वाटेल. तेरच्या एखाद्या घरीं आजोबा पुण्याच्या मुलाशीं इंटरनेटच्या दूरध्वनीवरून बोलत आहेत. रात्रींच्या गोळ्या किती घेतल्या, असें मुलगा विचारतो. आजोबा सांगूं लागतात, तोंच आंतल्या खोलींत नातू लग्नांतील चित्रफीत नातलगांस पाठविण्यास प्रारंभ करतो. पुण्यास ‘गोळ्या’ एवढा शब्द पोंचतो. आंकडा पोंचत नाहीं. “अण्णा, पुन्हा सांगा,” मुलगा म्हणतो. आजोबांना मुलाचें बोलणें स्वच्छ ऐकूं येत असतें, म्हणून ते चिडतात : “अरे, मला सगळें ऐकूं येतें, तुलाच कां येत नाहीं?” घरांतून बाहेर जाण्याची वाट एक, तिच्यावर एकाच वेळीं एक जड गठ्ठा आणि एक हलकी चिठ्ठी. आधीं कोणी जावें, हें ठरविणारी पेटी भिंतीवर टांगलेली आहे आणि तिचें नांव राउटर.

वाट एक आणि जाणारे अनेक असले म्हणजे पुढें कोणास सोडावें, हा प्रश्न निरोपांच्या इतिहासांत पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. त्याचीं उत्तरें मात्र प्रत्येक वेळीं निराळीं मिळालीं.

पहिलें उत्तर पदाचें होतें. राजाचा निरोप आधीं, प्रजेचा मागून. तारायंत्र आलें तरी हा क्रम सुटला नाहीं. हिंदुस्थानांत कलकत्ता व आग्रा यांमधील तार १८५४ च्या मार्चमध्यें बोलूं लागली, आणि १८५५ पासून सामान्य लोकांस पैसे भरून तार करण्याची मुभा मिळाली. एका तारेवर एका वेळीं एकच संदेश जाई. म्हणून रांग लागणें अटळ होतें. १८६५ सालीं पॅरिस येथें युरोपांतील राष्ट्रांनीं तारायंत्राचा पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. सरकारी तारा पहिल्या, तारखात्याच्या कामकाजाच्या तारा दुसऱ्या आणि खासगी लोकांच्या तारा शेवटल्या, असा क्रम त्यांत घालून दिलेला आढळतो. एकाच वर्गांतील तारांत मात्र जी आधीं आली ती आधीं जाईल, असा न्याय होता. हिंदुस्थान या संघांत १८६९ सालीं सामील झाला. पुढें मनुष्याच्या प्राणरक्षणासंबंधींचे संदेश सर्वांच्या आधीं, सरकारच्याहि आधीं, जावे असा नियम झाला. पदाच्या क्रमांत माणुसकीनें केलेली ही एक मोठी दुरुस्ती होय.

दुसरें उत्तर पैशाचें. साधी तार आणि एक्स्प्रेस तार असे भेद पडले. अधिक पैसे देणाराची तार पुढें जाई. दूरध्वनीच्या बाबतींत हीच रीति अधिक ठळकपणें दिसून आली. मुंबईंत दूरध्वनीचें केंद्र १८८२ सालींच सुरू झालें होतें. पण एका गांवाहून दुसऱ्या गांवास बोलावयाचें तर मधल्या तारा मोजक्याच. म्हणून ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. त्याचे तीन वर्ग असत : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट दर. लाइटनिंगचा दर तर असा कीं, घरांत कोणी अत्यवस्थ असल्यावांचून सामान्य गृहस्थ तो शब्द उच्चारीत नसे. ऑर्डिनरी कॉल लावून माणसें तासन् तास यंत्राजवळ बसून राहत. जेवणाचें ताट दूरध्वनीशेजारीं आणून ठेवलेलें असे, कारण घंटी केव्हां वाजेल याचा नेम नसे. केंद्रावरच्या ऑपरेटरच्या हातीं जी सत्ता होती ती आजच्या पिढीस कल्पनेनेंच जाणावी लागेल. तिनें एकदां लाइन जोडून दिली म्हणजे मात्र तीन मिनिटें ती सबंध वाट बोलणाराची. मध्यें दुसरा कोणी शिरत नसे. आवाज क्षीण येई, खरखर होई, परंतु शब्द मागें-पुढें होत नसत.

याच मुलखांतल्या आगगाडीचा दाखला येथें उपयोगी पडेल. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी १८९७ सालीं धावूं लागली आणि येडशी-ढोकीच्या बाजूनें वाढत १९११ सालीं लातुरास पोंचली. (ते रूळ आतां राहिले नाहींत, २००८ पर्यंत तेथें रुंद मार्ग झाला.) एकेरी मार्गावर दोन गाड्यांची गांठ पडावयाची तर एकीस स्टेशनांतील बाजूच्या रुळावर घालावें लागतें. मालगाडी थांबते, उतारूंची गाडी पुढें जाते. मालगाडीस अर्धा तास उशीर झाला तरी ज्वारी नासत नाहीं. ही तारतम्यबुद्धि स्टेशनमास्तरापाशीं होती. पुढें आलेल्या संगणकांच्या जाळ्यास ती नव्यानें शिकावी लागली.

हें जाळें मूळ निराळ्या तत्त्वावर उभारलेलें आहे. बोलणाऱ्या दोघांसाठीं सबंध वाट राखून ठेवणें उधळपट्टीचें ठरतें, कारण संभाषणाचा बराच भाग स्तब्धतेचाच असतो. त्याऐवजीं प्रत्येक मजकुराचीं लहान लहान पुडकीं करावीं, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि सर्वांचीं पुडकीं एकाच वाटेवर सरमिसळ सोडावीं, अशी युक्ति १९६० नंतरच्या दशकांत निघाली. १९६९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें असें जाळें सुरू झालें. १९७४ सालीं डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं त्याच जाळ्यावरून मनुष्याचा बोलता आवाज पाठवून दाखविला. आवाजाचा स्वभाव तेव्हांच ध्यानांत आला. पत्राचें पुडकें हरवलें तर पुन्हा मागवितां येतें. आवाजाचें पुडकें पुन्हा मागवून उपयोग नाहीं. तें येईपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. वेळेवर न आलेला स्वर आला काय आणि न आला काय, सारखेंच.

१९८१ च्या सप्टेंबरांत इंटरनेटच्या पुडक्याचा जो नमुना ठरला, त्यांत अग्रक्रमाची खूण घालण्यास एक लहानशी जागा राखलेली होती. तिच्या आठ पायऱ्या होत्या. तळच्या पायरीचें नांव रूटीन, वर प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, आणि त्याहूनहि वरच्या कांहीं. हीं नांवें लष्करी संदेशांच्या परिभाषेंतून आलीं होतीं. ट्रंक कॉलचा ‘लाइटनिंग’ आणि या पुडक्यांचा ‘फ्लॅश’, दोहोंनाहि विजेचेंच नांव सुचावें, ही गंमत खरी.

येथें तिसरें उत्तर निघालें. त्यास पाटीचें उत्तर म्हणतां येईल. पुडक्यावर ‘मी तांतडीचें’ अशी पाटी लावावयाची, आणि वाटेवरच्या राउटरांनीं ती वाचून त्यास पुढें सोडावयाचें. परंतु या उत्तरांत एक उणीव राहिली. तारेवरची एक्स्प्रेसची मोहोर दाम मोजल्यावांचून मिळत नसे. येथें पाटी फुकट होती. फुकट पाटी कोणीहि लावील. चित्रपट वाहणाऱ्या पुडक्यांनींहि स्वतःस तांतडीचीं म्हणवून घेतलें तर त्यांस अडविणार कोण? परिणाम असा झाला कीं, उघड्या जगांतले राउटर या पाटीकडे सहसा पाहीनासे झाले. १९९८ सालीं पाटीची नवी रचना झाली, १९९९ सालीं तींत आवाजासारख्या अधीर वाहतुकीसाठीं ‘त्वरित प्रेषणा’चा वर्ग ठरला, आणि ४६ हा आंकडा त्याची खूण झाला. कचेऱ्यांच्या आपापल्या जाळ्यांत ती खूण चालते. पण एका कंपनीच्या हद्दींतून दुसरीच्या हद्दींत पाऊल टाकतांच तिची किंमत बहुधा शून्य होते. परक्या गांवांत आपल्या गांवच्या पाटलाची चिठ्ठी जितकी चालावी तितकीच.

आपल्याकडे हें जाळें आलें तें प्रथम विद्यालयांत. १९८७ सालीं मुंबईंत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांमध्यें संगणकावरून टपाल सुरू झालें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सामान्य जनतेस खुलें केलें. मात्र त्यावरून दूरध्वनीसारखें बोलण्यास मनाई होती. ती १ एप्रिल २००२ रोजीं उठली. दुसऱ्याच वर्षीं स्काइप निघाला. मुंबई-पुण्याच्या घरांत परदेशीं गेलेल्या मुलांचे आवाज आणि मागाहून चेहरे संगणकावर दिसूं लागले. आणि त्याबरोबरच शब्द तुटण्याची तक्रारहि घरोघर ऐकूं येऊं लागली.

ही तक्रार वाट अरुंद असल्यामुळें होते असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाहीं. साध्या दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज आंकड्यांत उतरविला कीं सेकंदास ६४ किलोबिट होतो. त्याचीं सेकंदास पन्नास पुडकीं केलीं तर एकेकांत आवाजाचे १६० बाइट आणि पत्ता वगैरे खुणांचे ४० बाइट, मिळून २०० बाइट पडतात. म्हणजे सेकंदास ८० किलोबिट. हल्लींच्या रीतींनीं तर याहूनहि कमी पुरतें. भारत सरकारनें २००४ सालीं ब्रॉडबँडची व्याख्या केली तेव्हां किमान वेग २५६ किलोबिट ठरविला होता. तेवढ्या वाटेंतहि एक संभाषण सहज मावतें. मग अडतें कोठें?

अडतें तें रांगेंत. चित्रफितीचें पुडकें साधारणतः १५०० बाइटांचें असतें. २५६ किलोबिटांच्या वाटेनें असें एक पुडकें बाहेर पडण्यास सुमारें ४७ मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या पुढें अशीं तीन उभीं असलीं कीं १४१ मिलिसेकंद गेले. तोंडांतून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानीं १५० मिलिसेकंदांच्या आंत पडावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणजे सारी सवलत घराच्या उंबऱ्यावरच संपली. आतां जोडण्या कितीतरी रुंद झाल्या आहेत. पण अनेक ठिकाणीं घरांतून बाहेर जाण्याची वाट, जिला चढण म्हणावें, ती बाहेरून आंत येण्याच्या उतरणीपेक्षां अरुंदच असते. आजोबांच्या कोड्याचा उलगडा येथें होतो. नातवाची चित्रफीत चढणीवर होती, उतरण मोकळी होती. म्हणून मुलाचा शब्द घरांत स्वच्छ येत होता आणि आजोबांचा शब्द चित्रफितीच्या मागें उभा राहत होता.

राउटर बनविणारांनीं यांत नकळत भर घातली. एकहि पुडकें गळूं नये या सद्हेतूनें त्यांनीं पेट्यांत मोठमोठ्या साठवणी ठेवल्या. स्मृतियंत्रें स्वस्त झालीं होतीं. पण रांजण जितका मोठा आणि तोटी जितकी बारीक, तितका वेळ ओतलेलें पाणी आंतच राहणार. २५६ किलोबाइटांची साठवण भरलेली आणि चढणीचा वेग सेकंदास १ मेगाबिट, एवढें धरलें तरी शेवटल्या पुडक्यास दोन सेकंदांहून अधिक थांबावें लागतें. दोन सेकंदांनीं ‘हॅलो’ पोंचला तर समोरचा माणूस तोंवर दुसऱ्यांदा ‘हॅलो’ म्हणून चुकलेला असतो. अमेरिकेंतील जिम गेटिस यांनीं स्वतःच्या घरची जोडणी रेंगाळते कां याचा शोध घेतां घेतां २०१० च्या सुमारास हा दोष उजेडांत आणला.

त्यावर उपाय काढणारांत व्हॅन जेकबसन होते, हा केवळ योगायोग नव्हे. १९८६ सालीं इंटरनेट प्रथम गुदमरलें, तेव्हां बर्कले येथील चारशें यार्ड अंतरावरील दोन ठिकाणांमधला वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला होता. त्या वेळीं, वाटेंत गर्दी दिसली कीं पाठविणारानें आपण होऊन हात आखडता घ्यावा, ही शिस्त जेकबसन यांनीं जाळ्यास लावली. पण गर्दीची खूण म्हणजे पुडकें गळणें. आणि नव्या पेट्या तर कांहीं गळूंच देत नव्हत्या! पाठविणारास गर्दी कळावी कशी? २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं अशी रीति मांडली कीं, रांग किती लांब हें न पाहतां पुडकें रांगेंत किती वेळ उभें राहिलें तें पाहावें. ठरल्याहून अधिक काळ ताटकळत असतील तर एखादें टाकून द्यावें, म्हणजे पाठविणारा सावध होईल. पुढें इतरांनीं या रीतीस प्रत्येक संभाषणाच्या स्वतंत्र रांगेची जोड दिली. २०१८ च्या जानेवारींत ही संयुक्त रीति इंटरनेटच्या दप्तरांत अधिकृतपणें नोंदली गेली.

या रीतींत जो बदल झाला तो तांत्रिक असला तरी इतिहासाच्या दृष्टीनें मोठा आहे. येथें पद विचारीत नाहींत, पैसा मागत नाहींत, पाटीहि वाचीत नाहींत. ज्याचीं पुडकीं लहान आणि विरळ येतात त्यास पुढें वाट मिळते; ज्यानें ढिगारा लावला आहे तो आपल्याच रांगेंत थांबतो. आवाजाचें मागणें मुळांत थोडें, म्हणून तो न सांगतां पुढें निघून जातो. चित्रफितीनें ‘मी आवाज आहें’ असें खोटें सांगून लाभ नाहीं, कारण तिचें वजनच तिला उघडें पाडतें.

एक अडचण मात्र उरते. घरच्या राउटरची शिस्त घरच्या रांगेपुरती. रांग पलीकडे, जोडणी देणाऱ्या कंपनीच्या पेटींत, लागली तर घरधन्याचा तेथें अधिकार चालत नाहीं. म्हणून जाणकार असें करतात कीं, जोडणीचा प्रत्यक्ष वेग मोजून राउटरांत त्याच्या शेंकडा नव्वद-पंचाण्णवच आंकडा भरून ठेवतात. वाट थोडी आखडली जाते, पण रांग आपल्याच अंगणांत उभी राहते. गाड्यांचा खोळंबा जंक्शनांत होऊं देण्यापेक्षां त्या अलीकडच्या स्टेशनांत थांबविणें बरें, तशांतला हा प्रकार. बिनतारी वाटेवर, म्हणजे वायफायवर, २००५ सालीं ठरलेल्या नियमांप्रमाणें आवाज, चित्र, साधा मजकूर व सावकाशीचा मजकूर असे चार वर्ग असतात; तेथें पाटीस थोडें मोल आहे.

कंपनीनेंच आवाजास, किंवा अधिक पैसे देणाराच्या मालास, पुढें कां सोडूं नये? हा प्रश्न भारतांत मोठ्या हिरिरीनें लढला गेला. २०१६ च्या फेब्रुवारींत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मजकुराप्रमाणें निरनिराळे दर आकारण्यास बंदी केली. ११ जुलै २०१८ रोजीं सरकारनें नेट न्यूट्रॅलिटीचीं तत्त्वें मान्य केलीं. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या कांहीं विशेष सेवा वगळतां, कंपनीनें पुडक्यापुडक्यांत डावेंउजवें करूं नये असा त्याचा आशय आहे. हें योग्यच झालें. पदानें आणि पैशानें लावलेली रांग कशी असते, तें तार आणि ट्रंक कॉल यांनीं पुरतें दाखविलें आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा कीं, घरांत आधीं कोणाचें, हें ठरविण्याचें काम आतां घराकडेच आलें.

२०२० सालच्या टाळेबंदींत तें काम किती अवघड आहे याची प्रचीति आली. एका जोडणीवर मुलीचा वर्ग, वडिलांची कचेरी, आणि त्याच वर्षीं घरबसल्या रोग्यांस खुल्या झालेल्या ई-संजीवनीवरून आजीस डॉक्टरांचा सल्ला. आजीचें काय दुखतें तें डॉक्टरांस नीट ऐकूं न जाणें, ही साधी गैरसोय म्हणतां येणार नाहीं. तारखात्यास प्राणरक्षणाचा संदेश वेगळा काढण्याचें सुचलें होतें; भिंतीवरच्या पेटीस तें कोणीं शिकविलें नाहीं.

तार तर आतां नाहींच. १४ जुलै २०१३ च्या रात्रीं तिचें दप्तर बंद झालें. राउटरांचें म्हणाल तर जोडणीबरोबर येणाऱ्या कित्येक पेट्यांत अग्रक्रमाचें पान दिलेलेंच नसतें, किंवा असलें तरी त्याची किल्ली कंपनीपाशीं असते. ज्यांत तें पान उघडतें त्यांत करावयाचें काम पांच मिनिटांचें आहे. भरपूर चढण चालूं असतांना आणि नसतांना प्रतिसादास किती मिलिसेकंद लागतात तें मोजावें. दोहोंत फार अंतर पडलें तर चढणीचा वेग थोडा आखडून नव्या रीतीची रांग चालूं करावी. मग तेरच्या त्या घरीं नातवाची चित्रफीत दोन मिनिटें उशिरा जाईल, आणि पुण्यास मुलगा आंकडा ऐकेल : रात्रीं दोन, सकाळीं एक.